अंड्यांखालचं काळं अळंबं

गास्पार : मावशी, अंड्यांची टोपली कुठंय?

ओनोरीन : कुठली? दुकानात सतरा टोपल्या आहेत.

गास्पार : अगं, निळं फडकं बांधलेली! गुरुवारी तुझ्या फडताळात ठेवली होती मी.

ओनोरीन : ती होय? मघाशीच विकली.

गास्पार : विकली?

ओनोरीन : मग काय उबवायला बसू? रविवारचा बाजार आहे!

गास्पार : मेलो! मावशी, त्या अंड्यांच्या तळाशी माझं अळंबं होतं!

ओनोरीन : अळंबं? काळं? सोन्याच्या भावानं जातं ते?

गास्पार : काळंकुट्ट! बटाट्याएवढं! माझ्या ओकच्या मुळाशी सापडलेलं!

ओनोरीन : अगं बाई! तुझ्या खडकात? ओक लावल्यापासून बारा वर्षांनी? आणि सख्ख्या मावशीला पत्ता नाही?

गास्पार : कुणालाच नाही. आज चर्चमध्ये अळंब्यांचा मिस्सा ना? दानाचं ताट पैशांऐवजी अळंबी गोळा करत फिरत आलं की सगळ्या मोंतरूब गावासमोर टाकणार होतो. बारा वर्षं मला 'दगडांचा शेतकरी' म्हणतात ते! एकदाच, मावशी, एकदाच त्यांची तोंडं बघायची होती.

ओनोरीन : मग अंड्यांत कशाला कोंबलंस, गधड्या?

गास्पार : तूच शिकवलंस! तीन दिवस अंड्यांत ठेवायचं, अळंबं देवाला, आणि वास लागलेल्या अंड्यांचं ऑम्लेट आपल्याला.

ओनोरीन : शिकवलं खरं. पण सांगायचं तरी! आठ दिवस माझं नाक चोंदलंय या वाऱ्यानं, मेलेला बोकड ठेवला असतास तरी कळलं नसतं.

गास्पार : हसतेस काय? कुणी घेतली ते आठव!

ओनोरीन : थांब रे. पॅरिसवाल्या बाईनं नुसताच भाव विचारला. पाववाल्याची बायको आली, ती सुनेच्या कागाळ्या सांगून गेली. मग... अरे देवा. हसू आवरत नाही रे, गास्पार.

गास्पार : मावशी!

ओनोरीन : सिल्वेर. सिल्वेरनं घेतली.

गास्पार : संपलं! चाळीस वर्षं अळंबी काढतोय तो. डोळे बांधले तरी वासावर ओळखेल. 'तुझ्या शेतात नांगर नको, थडगी खण,' असं भर चौकात मला म्हणाला होता! आता माझंच अळंबं आपलं म्हणून टाकेल!

ओनोरीन : घंटा झाली बघ. पळ! नाही, थांब, दुकान कोण बघेल? मी पळते!

गास्पार : तुझे गुडघे!

ओनोरीन : गुडघे खड्ड्यात गेले! ... अरे, पळायला नको. तोच येतोय. टोपली आहे हातात.

सिल्वेर : ओनोरीनबाई, ही घ्या तुमची अंडी.

ओनोरीन : का हो, नासकी निघाली?

सिल्वेर : एक जरा काळं निघालं. कुणाच्या कोंबडीचं हे?

गास्पार : माझ्या.

सिल्वेर : तुझ्याकडे कोंबड्या नाहीत.

गास्पार : ओक आहेत.

सिल्वेर : त्या वरच्या खडकात? शपथ घे.

गास्पार : मावशीची शपथ! मिमीनं उकरलं. मी तिला मिठी मारून इतका रडलो, की कुत्री घाबरून खाटेखाली गेली.

(सिल्वेर अळंबं नाकाशी धरतो. बराच वेळ.)

ओनोरीन : पुरे हो, झिजेल ते!

सिल्वेर : अळंब्यांना लागतो तो उन्हाळ्यातला पाऊस झालाच नाही. माझ्या झाडांखाली यंदा काही म्हणजे काही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात रिकामे. हे मी खिशात घालून थेट चर्चच्या आत गेलो होतो, गास्पार. खोटं कशाला बोलू?

गास्पार : मग?

सिल्वेर : आत पाऊल टाकताच वासानं सगळ्यांच्या माना वळल्या. 'वा सिल्वेर, यंदाही!' म्हणाले. आणि मेलं तोंडातून 'हो' निघेना. तसाच मागं फिरलो.

ओनोरीन : इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं तोंड बंद झालं म्हणायचं!

सिल्वेर : हसा, हसा. घे रे हे. वास अस्सल आहे. माझ्या कुठल्याच झाडानं असं दिलं नाही. सांगताना पोटात दुखतंय, पण दिलं नाही.

गास्पार : सिल्वेरकाका...

सिल्वेर : काका-बिका नंतर. शेवटच्या बाकावर बसतोस ना तू नेहमी, तोंड लपवून?

गास्पार : हो.

सिल्वेर : तिथंच बस. ताट मीच फिरवतो आज. तुझ्यापाशी आलो की जरा जास्त वेळ थांबेन.