धक्क्याची दिशा

शिवांजली : यंत्रं तपासायला घण म्या सोता खदानीच्या बाजूला जमिनीवर मारून बघितला, सर. तुमचा प्रोग्राम म्हणतो, धक्का विहिरीकडून आला.

उमाशंकर सर : वायरी उलट्या लावल्या असशील.

शिवांजली : वायरी सरळ हायत. गणित उलटं हाय. धक्क्याच्या लहरी सुट्या करणारा फूरिए ट्रान्सफॉर्म तुम्ही नव्या सॉफ्टवेअरात काढला, दिशेचं सूत्र जुन्यातलंच ठेवलं. नव्यात घातांकाला उणे चिन्ह, जुन्यात अधिक.

सर : दोन्ही बरोबरच असतात. चिन्ह हा नुसता संकेत आहे, पहिल्याच तासाला शिकवलं होतं मी.

शिवांजली : आपापल्या घरी दोन्ही बरोबर. तुम्ही एकाचं वऱ्हाड दुसऱ्याच्या मांडवात नेलं. म्हणून दिशा फिरली.

सर : परीक्षा उरकू दे, मग बघू.

शिवांजली : बिरू कोठडीत हाय. त्या दुपारी त्यानं विहीर खोदताना सुरुंग उडवला, खदानवाल्यांनी पण उडवला. त्याची चुलती रुद्रम्मा भिंतीखाली मेली, ती भिंत पडली कुणाच्या धक्क्यानं, एवढंच पोलिसांनी विचारलं होतं. खदानीबद्दल गावाची ओरड होती म्हणून आपली यंत्रं तिथं बसवलेलीच होती.

सर : यंत्रानं सांगितलं ते आपण अहवालात लिहिलं.

शिवांजली : बिरूनं ते खरं धरलं ना. आधी लई भांडायचा, माझा सुरुंग एवढुसा व्हता म्हणायचा. काल भेटले तर म्हणतो, ताई, मशीनचं माझ्याशी काय वैर? चुलतीला म्याच मारलं. वकिलाला पण तेच सांगून बसलाय.

सर : म्हणजे कबुली दिली त्यानं.

शिवांजली : तुमच्या चिन्हापायी दिली.

सर : (कीबोर्ड ओढून घेत) दाखव सूत्र. हं. इथं उणे राहिलंय. टाकलं बघ. चालव तुझ्या कालच्या घणाची नोंद.

शिवांजली : खदान. आता भिंत पडली त्या वेळचा धक्का लावते. खदानच, सर.

सर : झालं तर. पुढच्या कामापासून बरोबर येईल.

शिवांजली : आन् पोलिसांकडं गेलेला अहवाल?

सर : तो परत मागवला की आधीचे सगळे उकरतील. ह्याच सूत्रावर कोर्टात किती जणांचे निकाल लागलेत, ठाऊक आहे तुला?

शिवांजली : न्हाय. तुम्हाला हाय?

सर : विषय संपला, शिवांजली.

शिवांजली : बिरूची बायको बाहेर बाकावर बसलीय. सकाळच्या येष्टीनं मुरूम गावाहून आलीय. तिला हे तुम्ही सांगा.

सर : जाताना दार ओढून घे.