दोन न रडलेले बाप

फिलिना: अहो, ठेवा आता ती लेखणी. मध-दूध भरून ठेवलंय. आपली मिर्तो जाऊन आज महिना झाला. आज तरी थडग्यापाशी चला.

लिसॉन: एवढी जोडी संपू दे. आपला एक ग्रीक, त्यांचा एक रोमन. दोघांची चरित्रं लिहून झाली, कोण थोर तेवढंच ठरवायचं राहिलंय.

फिलिना: कोण हे दोघं?

लिसॉन: सेनापती. दोघांनाही देवाला बळी देतानाच पोरगा लढाईत पडल्याची बातमी आली. आपला टिमागोरस क्षणभर थांबला. वारिनसचा हात थरथरलासुद्धा नाही. म्हणजे वारिनसच थोर.

फिलिना: रडलं कुणीच नाही?

लिसॉन: नाही. तोच तर धडा आहे.

फिलिना: आणि तो तुम्ही गिरवत बसलाय! मामानं केस कापून पोरीच्या थडग्यावर ठेवले, शेजाऱ्यांनी ठेवले. बापाचे तेवढे नाहीत. बायका विचारतात, काय सांगू त्यांना?

लिसॉन: सांग, विचारी माणूस आहे.

फिलिना: आग लागो त्या विचाराला! वारिनसचा नातू आपल्याकडे जेवायला होता, तेव्हा मीही बसले होते. आजोबा मरेपर्यंत मुलाच्या चपला उशाशी घेऊन झोपायचे, असं म्हणाला ना तो?

लिसॉन: म्हणाला.

फिलिना: मग ते का नाही लिहिलंत?

लिसॉन: टिमागोरसबद्दल तसलं काही कुणी सांगितलं नाही. एकाचंच लिहिलं तर जोडी जुळत नाही.

फिलिना: ग्रीक बापच हवाय ना जोडीला? मग लांब कशाला जाताय? तुमचं अंथरूण रोज मीच घालते. उशीखाली मिर्तोची बाहुली आहे, ते मला दिसत नाही होय?

(लिसॉन लेखणी खाली ठेवतो.)

लिसॉन: बाहुलीचा हात तुटलाय गं. चिकटवून दे म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, हे पान होऊ दे.

फिलिना: माहीत आहे. तापातसुद्धा म्हणत होती, बाबा आज देणार.

लिसॉन: नको, फिलिना... कात्री कुठंय?

फिलिना: दुधाच्या भांड्याशेजारी. रोज पुसून ठेवतेय.

लिसॉन: आण. आणि तूच काप माझे केस. माझा हात थरथरतोय.