मामीचे सात सेकंद

घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक गृहस्थ, त्यांची बायको आणि भाची बसली होती. बाईंचा आवाज ऑपरेशनमध्ये गेलेला. त्या मांडीवरच्या टॅबलेटवर लिहायच्या आणि टॅबलेट बोलायचा.

"तू नक्की केलंस काय गं? आधी बटण दाबलं की सात सेकंद नुसतं गरगरायचं."

"मामा, तो प्रोग्रॅम बोलण्याआधी दर वेळी एक लायब्ररी आत घ्यायचा. म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. ती येताना सगळं बिऱ्हाड घेऊन यायची. चाळीस भाषांचे आवाज, आलेख काढायची साधनं, काय काय!"

"हिला तर एकच भाषा पुरते."

"म्हणून आता लागेल तेवढंच आत येतं. बाकीचं मागितलं तरच."

"एवढंच?"

"एवढंच! कोण किती वेळ खातंय ते घड्याळ लावून एकेक तपासलं. तीन महिने गेले."

"सात सेकंदांत माझा विषय बदललेला असायचा. हिचं उत्तर यायचं तेव्हा आम्ही भलतीकडेच. मग हिने लिहिणंच सोडलं."

"माहितीये मामा. म्हणून तर बसले."

"छत्तीस वर्षं हिने माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नव्हतं. गेल्या वर्षी सगळी पुरी झाली. घर खायला उठायचं गं. तुझे उपकार मी कसे..."

"अहो, उपकार कसले? पोर घरचीच आहे," टॅबलेट म्हणाला.

"बघ! तोडलं की नाही मला मध्येच!"