तोंडाशी जमणारी पत्ती

…नाही, तुम्हीच सांगा मला, जेवायला बसल्यावर माणसानं तोंडात काय घालावं? भाकरी घालावी, वांग्याचं भरीत घालावं, अगदीच काही नसलं तर ठेचा घालावा. आमच्या ह्यांच्या समोर ताट वाढलेलं आणि तोंडात पत्ती. तंबाखूची नाही हो, तंबाखूची असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. क्लारनेटची पत्ती. बोटाएवढी, बोरूसारख्या काडीची, टोकाला कांद्याच्या सालीइतकी पातळ तासलेली. ती म्हणे थुंकीत भिजावी लागते, तेव्हा वाजते. आणि ती भिजेपर्यंत हा माणूस बोलणार नाही. मी विचारतेय डाळ वाढू का, तर नुसती मान हलवतात, हो की नाही तेही कळू नये अशी, आणि डोळे कुठे… छपराच्या पार पलीकडे, ढगात.

तुम्हाला सांगते, मी जामनेरची, कमल, मला इथे असोद्यात दिली ती बँडवाल्याच्या घरी. भिकनभाऊंचा बँड. लग्नसराईत हे लाल कोट घालून क्लारनेट वाजवतात, बाकीचे दिवस जळगावला कापसाच्या जिनात कामाला जातात. लोक ह्यांना अभिमन मास्तर म्हणतात. मी काही नाव घेत नाही, लोकांचं चालतं. तर सगळं सुरळीत होतं हो. मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी एका लग्नाहून टेम्पोतून परत येताना ढोलवाला झुलाल ह्यांच्या पेटीवर बसला. झुलाल म्हणजे केळीची अख्खी गाडी. पेटीत माउथपीस होतं, म्हणजे क्लारनेटचं तोंड, जिथे ती पत्ती बांधतात आणि फुंकतात. ते उभं चिरलं. झुलाल बिचारा म्हणतो, मास्तर, मला वाटलं उशी आहे.

मग भिकनभाऊंनी भुसावळच्या कुणा म्हाताऱ्या वाजवणाऱ्याकडून दुसरं तोंड आणून दिलं. काळं कुळकुळीत, आधीच्यापेक्षा देखणं. ह्यांनी जुनी पत्ती बांधली, छाती भरून फुंकलं… आणि नुसती हवा. सायकलची ट्यूब बसते ना, तशी. दुसरी बांधली. हवा. तिसरी, चेहरा जांभळा, आणि हवा. मी म्हटलं, बिघडलं का हो? तर पत्ती काढून, पुसून, अगदी शांतपणे म्हणतात, "पत्ती वाईट नाही गं. ह्या तोंडाशी जमत नाही."

आता ह्यात काय जमायचं असतं ते मला कशाला कळायला हवं होतं? पण घरात राहायचं तर कळतंच. जुन्या तोंडाची फट होती दोऱ्याएवढी, तिथे कडक पत्ती चालायची. ह्या नव्याचं तोंड उघडं, फट मोठी, कडक पत्ती तिथपर्यंत वाकतच नाही, मग वारा निघून जातो आणि सूर मागे राहतो. ह्याला नरम पत्ती हवी. पण फार नरम घेतली की वरच्या सुराला कोंबडं आरवतं. म्हणजे कडकही नको, नरमही नको, मग हवी तरी कशी? तर म्हणे जमणारी.

आमच्या सासूबाई धुळ्याकडच्या, त्या ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "वं कमल, हाऊ काय करी राह्यना? बठ्ठा दिन पत्ती चाटी राह्यना." दिवसभर पत्ती चाटत बसतो म्हणे! मी काय सांगणार त्यांना… तुमचाच मुलगा आहे.

आणि त्यातच फैजपूरचं लग्न ठरलेलं. केळीवाले भाईदासनाना. ह्या माणसानं कुठल्यातरी लग्नात पाठवणीच्या वेळी ह्यांचं क्लारनेट ऐकलं होतं, आणि मुलीचं ठरल्याबरोबर लुना हाकत स्वतः आमच्या दारात आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना म्हणाले की आमची पुष्पा निघेल ना मास्तर, तेव्हा ते वाजवा, बाकी वरातीत काय वाजवायचं ते वाजवा. हे इतके खूश झाले की त्या दिवशी दोनदा जेवले. आणि आता हे असं. भिकनभाऊ आले, दारातच उभे राहिले. वाईट माणूस नाही हो, पण बँड चालवायचा तर… लोकांना आता बेंजो लागतो, त्याच्यावर मुलं नाचतात. ते म्हणाले, "मास्तर, वाजलं तर ठीक. नाही तर मगन बेंजो घेऊन तयार आहे. तुम्ही खुळखुळा धरा."

खुळखुळा. मिसरूड फुटायच्या आधीपासून क्लारनेट वाजवणाऱ्या माणसाला खुळखुळा. भिकनभाऊ गेल्यावर हे उठले, खुंटीवरचा लाल कोट काढला, त्याच्या बाह्या नीट दुमडल्या आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. मी चुलीकडे तोंड करून बसले. धूर फार झाला होता म्हणा ना.

मग धुळ्याची वारी. तिथे सुगनचंद शेठजींचं वाद्यांचं दुकान, त्यांच्याकडे सगळ्या नंबरच्या, म्हणजे कमीजास्त कडक, पत्त्या. पण नियम असा की तोंडाला लावली की तुमची. म्हणजे वाजवून बघायचं नाही, नुसतं बघून ओळखायचं. हे एकेक पत्ती उजेडाला धरतात, मध्ये सावली दाट आहे का, दोन्ही कडा सारख्या पातळ आहेत का, रेघा सरळ आहेत का… दुपार कलली. शेठजी कंटाळून म्हणाले म्हणे, "मास्तरजी, पत्ती घेताय की सून बघताय?" घेऊन आले पुडकं. एका नंबरच्या, एका पेटीतल्या, आणि तुम्हाला सांगते, एकीचा स्वभाव दुसरीला नाही. एक भांडखोर, एक मुकी, एक सकाळी गाते आणि ऊन चढलं की रुसते. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पत्तीचं टोक पापडासारखं वळायचं. म्हणून ह्यांनी त्या ठेवल्या कुठे? माठात. पाहुण्यांना पाणी दिलं तर पेल्यात पत्ती. पाहुणा म्हणतो, वहिनी, ह्यात काय आहे? मी म्हटलं, वाळा आहे, थंड असतो.

आणि दिवसभर परसात लिंबाखाली बसून एकच ओळ. पाठवणीची. पत्ती बांधायची, ओळ वाजवायची, पत्ती सोडायची, काचेवर घासायची, परत बांधायची. आणि प्रत्येक वेळी तेच… वाईट नाही गं, ह्या तोंडाशी जमत नाही. मला तर झोपेतसुद्धा लोक तेच बोलतायत असं वाटायला लागलं. भाजीवाली म्हणते आहे, गिलकी वाईट नाहीत बाई, ह्या तोंडाशी जमत नाहीत.

एके सकाळी क्लारनेट मांडीवर ठेवून हे नुसते बसून होते. म्हणाले, "कमल, माझे कान गेले गं. मला आता सगळ्या सारख्याच वाटतात." असं बसलेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता मला ह्यातलं काय कळतं? मी बिबडे घालत होते, आमच्याकडचे पापड. ज्वारीचं गरम शिजवलेलं पीठ, फडक्यावर ओल्या हातानं भराभर थापायचं, थांबलात तर पीठ आवळतं. मी म्हटलं, वाजवा तुम्ही, मी आहे इथे. त्यांनी एक पत्ती बांधली, वाजवली, मी आपली थापतेय. दुसरी वाजवली, थापतेय. मग कितवी कोण जाणे…

तुम्हाला कसं सांगू. सूर मोठा नव्हता. मऊ होता. आणि मी जामनेरच्या घरी होते. उंबऱ्यात बसलेय, बाहेर बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज, आणि मागे माझी आई माझी वेणी घालतेय. आई जाऊन किती काळ लोटला, पण तिचा हात माझ्या डोक्यावर होता हो, तेलाचा, कोमट. ती मानेपाशी केस दोन बोटांनी उचलायची, तसे उचलले तिनं. ऊन पायावर येत होतं आणि मला वाटत होतं वेणी संपू नये, ती अशीच लांब होत जावी, अंगणापर्यंत, वेशीपर्यंत, आणि आई मागे बसून घालत राहावी…

डोळे उघडले तर पातेल्यातलं पीठ आवळून दगड झालेलं, आणि माझा हात तसाच वर. मी म्हटलं, "ही."

हे म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, पीठ बघा.

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पत्त्या मिसळल्या, माझ्याकडे पाठ केली, परत वाजवायला बसले. माझा हात परत त्याच पत्तीला थांबला. तेव्हा मात्र त्यांनी तिच्या बुडाशी काजळाचा ठिपका लावला आणि ट्रंकेतून कोट काढला. सासूबाई म्हणाल्या, बिबडे गेले, पण पोऱ्या परत वना, आला म्हणजे.

फैजपूरला मीही गेले, टेम्पोत झुलालच्या शेजारी. पेटी मी मांडीवर घेतली होती. आणि वरातीत काय झालं? ढोल, ताशा, झांजा, वर मगनचा बेंजो, त्यात ह्यांची ती मऊ पत्ती. गाल फुगलेले दिसतायत, बोटं फिरतायत, ऐकू काही नाही. भिकनभाऊंनी मागे वळून पाहिलं आणि खुळखुळा पुढे केला. ह्यांनी क्लारनेट पेटीत ठेवलं, खुळखुळा घेतला आणि सगळ्या वरातभर वाजवला, तालात.

पाठवणीला ऊन उतरलं होतं. मांडवामागे केळीचं रान, पानं हलत होती. भाईदासनाना आले आणि नुसते ह्यांच्याकडे बघत उभे राहिले. ह्यांनी पेटी उघडली, पत्ती तोंडात धरली, भिजेपर्यंत गप्प. आणि मग म्हणाले, "झुलाल, जरा ढोल राहू दे." ढोल थांबला, झांजा थांबल्या, आणि ती ओळ एकटी निघाली. काय सांगू तुम्हाला… जीपवाल्यानं इंजिन बंद केलं. पुष्पाचा एक पाय जीपमध्ये, एक खाली, तशीच राहिली. नवऱ्याची आई आणि नवरीची आई शेजारी शेजारी जमिनीवरच बसल्या. भाईदासनानांनी मांडवाचा खांब धरला. कुणाला कुठे जायचं होतं तेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि हे डोळे मिटून वाजवतायत. मी? मी वेणी घालून घेत होते.

शेवटी नवऱ्याचे काका हात जोडून म्हणाले, "मास्तर, आम्हाला मुलगी न्यायची आहे. तुम्ही थांबलात तर निघू."

तेव्हापासून भिकनभाऊंनी वाटणी करून टाकली. वरातीला बेंजो, पाठवणीला मास्तर. वरातीत हे खुळखुळा वाजवतात. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, खुळखुळ्याला पत्ती लागत नाही. झालं.

पण पत्तीला आयुष्य किती असतं हो? सराई संपता संपता ती टोकाला चिरली. मी रडायच्या बेतात, आणि हे शांत. म्हणाले, उद्या धुळ्याला जाऊ, दोघं. जाऊ म्हणाले. फैजपूरचा टेम्पो सोडला तर लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कुठे नेलं नव्हतं, मी ठेवणीतलं लुगडं नेसले. एसटीला ही गर्दी, पारोळं गेलं तरी बसायला मिळालं नाही. तशीच उभ्यानं धुळं गाठलं. सुगनचंद शेठजींनी मला पंख्याखाली बाकावर बसवलं आणि मास्तरीणबाई आल्यात म्हणून नियमही मोडला, म्हणाले वाजवा, कोणतीही वाजवा. ह्यांनी पहिलीच पत्ती बांधली, ओळ धरली, आणि माझे डोळे मिटले. ह्यांना केवढा आनंद. म्हणाले, हीच, आणि त्याच जातीची अख्खी पेटी उचलली.

आता सगळी पेटी घरात आहे, आणि हे रोज लिंबाखाली बसून माझ्याकडे बघत वाजवतात. मी काय सांगू त्यांना, ती एसटीची झोप होती म्हणून… मी आपली डोळे मिटून बसते.