गंगीच्या पायावरचं पाणी

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना नमस्कार. मी वैशाली, या घरची सून. उन्हातान्हाचे तुम्ही आलात. देऊळघाटात सून सासऱ्याच्या शोकसभेत बोलायला उभी राहते, हे काही जणांना रुचलेलं नाही, ते मला इथून दिसतं. दिसू द्या. तरी बोलणार. आणि आपल्या बोलीतच बोलते, मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, तीच आवडायची.

मामाजी बैल पारखायचे, हे तुमाले मी काय सांगू? तुमच्यातल्या कितीतरी जणाच्या गोठ्यातली जोडी त्याइनं निवडली हाये. दात पाहून, चाल पाहून, पाठीवर हात फिरवून. पण मी आज सांगते ते कुत्र्याचं. हसू येत असेल तर हसून घ्या, मी सांगतेच.

दोन वर्षांखाली मले पॉमेरियनचं पिल्लू पाहिजे होतं. पांढरंशुभ्र, कागदपत्रंवालं, स्पर्धेत उतरवता येईल असं. मोबाईलवर फोटो पाहू पाहू मी येडी झाली होती. मामाजी म्हणाले, "फोटो पाहून कोणी जनावर घेते का, सूनबाई? मी येतो."

शहरातल्या त्या पिल्लंवाल्याच्या घरी मामाजी खाली फरशीवर मांडी घालून बसले. पाच पिल्लं होती. एकेकाचं तोंड उघडून पाह्यलं, दातावर दात बसतात का. मागून टाळी वाजवून पाह्यलं, ऐकू येते का. चालवून पाह्यलं. तो माणूस हसला, म्हणे, "काका, बैल नाही घेत तुम्ही." मामाजी म्हणाले, "चार पाय तर हायेत ना? आता याइची माय दाखव."

तो म्हणे, माय कायले? ती काही स्पर्धेत नाही न्यायची. मामाजी उठलेच नाहीत. कालवड घेतांनी आपण माय पाहतो, मग इथं काऊन नाही? शेवटी त्यानं मागच्या खोलीतून आणली. केस झडलेले, सड लोंबलेले, मागचे पाय थरथरून राह्यले. मामाजींनी इचारलं, "किती वेत झाले हिचे?" किती येळा व्याली, हे त्याले सांगता आलं नाही.

मामाजी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मग मले म्हणाले, "तू हे पिल्लू घे. याची चाल मोकळी हाये. मले ही पाहिजे." तो म्हणे, घेऊन जा, तिचा आता उपयोग नाही.

मी भांडली त्याइच्याशी. एसटीत, साऱ्या लोकांसमोर. "ही म्हातारी कायले? लोकं काय म्हणतीन?" खोटं कायले बोलू, मीच म्हटलं हे.

दारात आल्यावर मामाजी म्हणाले, "सूनबाई, पाणी आण." बाजारातून आणलेल्या बैलाच्या पायावर आपण पाणी घालतो, कुंकू लावतो, भाकरीचा तुकडा देतो, मग घरात घेतो. ते सारं तिचं माझ्या हातून करून घेतलं. गल्ली हसली. मले लाज वाटली. मामाजी म्हणाले, "पायावर पाणी पडलं. आता ही घरची." नाव ठेवलं गंगी.

माझ्या पिल्लानं, बर्फीनं, स्पर्धेत बक्षीस आणलं. गंगी मामाजींच्या खाटेखाली राह्यली. शेवटच्या दिवसांत आम्ही त्याइच्यापाशी पाळीपाळीनं बसत होतो. गंगीनं पाळी बदलली नाही.

परवा घरात बैठक झाली. माझे चुलत सासरे, मामाजींचे धाकटे भाऊ, समोर बसले हायेत. ते म्हणाले, बर्फी राहू द्या, ती जातिवंत हाये. ही म्हातारी रडत राहते, अपशकुन हाये, सोनाळ्याच्या शेतावर सोडून देतो. सगळे चूप बसले. मीही चूप बसली. आज नाही बसणार.

काकाजी, तुमचा मान मोठा हाये. पण तुमच्या गोठ्यातले बैल मामाजींनी पारखले, तवा त्याइची नजर खरी होती. मग गंगीच्याच येळेस ती खोटी कशी झाली? माणूस गेल्यावर रडणं अपशकुन असेल, तर आपण सारे इथं काय करून राह्यलो?

पाणी माझ्या हातानं पडलं हाये. त्याच हातानं तिले हाकलू? नाही हाकलणार. सोनाळ्याले न्यायची असेल तर त्या गाडीत मलेही बसवा. ज्याले ती घरात चालत नाही, त्यानं तेरवीच्या जेवणाले नाही आलं तरी चालीन.

आता दोन मिनिटं उभं राहून मामाजींना आठवू. गंगी तिथं, त्याइच्या चपलांपाशी बसली हाये. तिचे मागचे पाय आता धरत नाहीत, ती उठणार नाही. कोणी हटकू नका तिले. रडली तर रडू द्या. तिच्या वाटचं मी उभी राहते.