देवीचे वण असलेली अक्षरं

चहा येईस्तोवर ऐका. छापील अक्षरांच्या तोंडावर देवीचे वण मी बारामतीत पाहिलेत. कचेरीतून दुपारी सटकून मी वामनरावांच्या छापखान्यात डुलक्या काढत असे. सरकारी झोपेपेक्षा तिथली झोप गाढ लागे. त्यांचे मोठे लाकडी ठसे जाड, उंच, अंग चोरून उभे राहिल्यासारखे. इतके झिजलेले, की काळ्या अक्षरांत पांढरे वण उठत. आसपासच्या सगळ्या कुस्त्यांच्या जाहिराती त्यांवरच निघत.

बावड्याच्या तात्यांच्या मुलाची, मारुतीची, जत्रेत पहिली मोठी कुस्ती होती. तात्या जाहिरात छापायला आले.

"वामनराव, माझ्या पोराचं नाव असल्या वणाच्या अक्षरांत नगं."

वामनरावांनी सुताराकडून नवे गुळगुळीत ठसे करून घेतले. मारुती जिंकला, पण बघायला फक्त घरचीच माणसं. तात्या तणतणत आले.

"लोकांना वाटलं, शिनेमा आलाय! म्हणत्यात, कुस्तीची अक्षरं अशी असत्यात व्हय? आता पणदऱ्याच्या फडाला जुनीच लावा."

"जुने ठसे बंबात गेले, तात्या. अंघोळही झाली माझी."

 तात्या नव्यातले मारुतीच्या नावाचे ठसे उचलून पायरीवर बसले आणि ओल्या वाळूनं घासू लागले. माझा डोळा लागला. जाग आली तरी ते घासतच होते; अर्धवट झोपेत मला वाटलं, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतायत.

"तात्या, कोरं नाव का झिजवताय?" मी विचारलं.

"पोरगं अजून नवं हाय," तात्या म्हणाले, "नाव तरी जुनं दिसू द्या की."