एकनाथरावांचा रिंग रोड

(चँडलर, अ‍ॅरिझोना. ज्ञानदाचं स्वयंपाकघर, संध्याकाळ. तिची आई मालिनी नागपूरहून आली आहे. वडील, एकनाथराव, नुकतेच आंघोळीला गेलेत.)

मालिनी : म्हणजे तुझे बाबा मीटिंगमध्ये बोलले.

ज्ञानदा : आई, गाडीत तीनदा बजावलं होतं मी. बाबा, तुम्ही पाहुणे आहात. मागे बसा, ऐका, लंच करा. ते ‘हो, हो’ म्हणाले.

मालिनी : ते दोनदा ‘हो’ म्हणाले की समजायचं, ऐकलेलं नाही.

ज्ञानदा : आणि डिकीतून तो भला मोठा रोल काढला. मला वाटलं योगा मॅट.

मालिनी : नकाशा होता तो. चार दिवस तू ऑफिसला गेलीस की तुझ्या डायनिंग टेबलवर पसरायचे, आम्ही दुपारी मांडीवर ताटं घेऊन जेवलो. म्हटलं, कुणाचं गाव? तर म्हणाले, ज्ञानदाच्या नेटिव्ह लोकांचं, इथल्या मूळ आदिवासींचं. पस्तीस वर्षं नगररचना खात्यात काढली, पोरीला एवढी मदत करू नको?

ज्ञानदा : अगं, तीच मदत तर नकोय त्यांना. त्या गावाचे आजवर चार प्लॅन झाले. चारही बाहेरच्यांनी केले, गावाला न विचारता. तीन कपाटात पडलेत, चौथा इतका जाड आहे की गावच्या ऑफिसचं दार उघडं ठेवायला वापरतात. पाचवा त्यांचा त्यांनी करायचा. चाळीस नवीन घरं कुठे, रस्ता कुठून, शाळेत काय, सगळं. माझं ऑफिस अशा गावांना फक्त सोबत करतं. मी खुर्च्या मांडते, आणि विचारलं तर सांगते. माझ्यासमोर मोकळं बोलायला दोन वर्षं लागली त्यांना.

मालिनी : आणि यांना किती वेळ लागला?

ज्ञानदा : अकरा मिनिटं. तिथे एकाचं बोलून झालं की दुसरा लगेच बोलत नाही. सगळे गप्प बसून विचार करतात. बाबांना वाटलं, मीटिंग अडली. ते उठले, भिंतीवर नकाशा चिकटवला आणि टाय सारखा करून ‘लेडीज अँड जंटलमेन’ म्हणाले.

मालिनी : तो टाय मीच काढून दिला. मला म्हणाले, जेवायला बोलावलंय.

ज्ञानदा : सेक्टर एक, सेक्टर दोन, मधे सर्कल, सर्कलमधे कारंजं. वाळवंटात कारंजं, आई. आणि गावाभोवती ऐंशी फुटी रिंग रोड. वीस मिनिटं चाललं. मग व्हर्ना आजी उठल्या. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांच्यापुढे गावात कोणी आवाज चढवत नाही. काठी टेकत नकाशापाशी आल्या, रिंग रोडवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हे माझं स्वयंपाकघर.’

मालिनी : रस्त्यात?

ज्ञानदा : बरोब्बर मधोमध. मग अगदी सभ्यपणे विचारलं, ‘बस किती वाजता येणार? त्याआधी मी शेगडीवरचे बीन्स उतरवून ठेवीन.’

मालिनी : अगं बाई.

ज्ञानदा : एक गृहस्थ हसताना खुर्चीवरून पडायचे राहिले. मला मात्र रडू येत होतं. म्हटलं, गेली दोन वर्षं पाण्यात.

मालिनी : आणि हे?

ज्ञानदा : कान लाल. म्हणाले, ‘मॅडम, उपग्रहाच्या फोटोत तिथे नुसतं झाड दिसतं.’ त्या म्हणाल्या, ‘झाडाखाली आहे मी. वरून बघितलं की मी कुणालाच दिसत नाही.’

मालिनी : मग?

ज्ञानदा : मग त्यांनी नकाशा काढायला लावला, उलटा केला आणि परत लावला. म्हणाल्या, ‘मागची बाजू कोरी आहे. तुमचं अक्षर सुरेख आहे. आम्ही बोलतो, तुम्ही लिहा.’

मालिनी : यांनी लिहिलं?

ज्ञानदा : तीन तास. एकदाच सुचवायला तोंड उघडलं, तर आजींनी नुसतं पेनाकडे बघितलं. घरं रांगेत नकोत, आपापल्या माणसांजवळ हवीत. दवाखान्यापुढे सावलीत बाक हवा, कारण गावातले खरे निर्णय तिथेच होतात. मुलांना आपली भाषा रोज शिकवायची, नुसती सणाच्या दिवशी नाही. रस्ता कोरड्या ओढ्यापासून लांब, कारण पाऊस आला की ओढा आपला रस्ता आपण काढतो. शेवटी हात वर करून मतदान झालं. एकमताने पास.

मालिनी : म्हणजे तुझं काम झालं.

ज्ञानदा : झालं आणि संपलं. पुढच्या मीटिंगा ते स्वतःच घेणार. मला म्हणाले, तू जेवायला येत जा.

मालिनी : काढूनच टाकलं की तुला.

ज्ञानदा : आई, त्यांना माझी गरज उरू नये, हेच तर माझं काम होतं. ऑफिसात उद्या केक कापतील. पण गाडीत पाच मिनिटं नाही आवरलं मला. बाबांनी रुमाल दिला, आणि हळूच सांगितलं की त्यांना गुरुवारी परत बोलावलंय. लिहायला.

एकनाथ : (आंघोळ करून येत) ज्ञानदा, इथे जाड टोकाचं मार्कर पेन कुठे मिळतं? त्यांचं हिरवं संपलं.

मालिनी : या, बसा. ऐकलं मी सगळं.

एकनाथ : कारंज्याचंही सांगितलं हिने?

मालिनी : कारंज्याचं आधी.

एकनाथ : हं. सोळा गावांचे आराखडे केले मी, मालिनी. सूचना, हरकती, सगळं नियमाप्रमाणे. पण कुठल्याच गावात असा तीन तास ऐकत बसलो नव्हतो.

मालिनी : गावात कशाला, घरात तरी कधी ऐकलंत?

एकनाथ : ते बरोबर आहे. एक विचारू? आपलं परतीचं तिकीट पंधरा तारखेचं आहे.

मालिनी : तुम्हीच काढलंत.

एकनाथ : हो. तुला कधी जायचंय?

ज्ञानदा : आई, बोल की.

मालिनी : थांब गं, विचार करू दे. मलाच अजून माहीत नाही.